डंपर किती, लोडर कोणता? खुल्या खाणीतल्या वाहतुकीचं गणित

कुठल्याही खुल्या खाणीच्या काठावर उभं राहून अर्धा तास खाली पाहिलं, तर दोनपैकी एक दृश्य दिसतंच. एकात शॉव्हेल (माल खोदून उचलणारं यंत्र) भरलेली बकेट हवेत धरून उभी असते आणि समोर डंपर नसतो. दुसऱ्यात शॉव्हेलसमोर चार-पाच डंपर इंजिन चालू ठेवून रांगेत थांबलेले असतात. दोन्हीकडे वेळ जातो, डिझेल जळतं, पगार चालू राहतात आणि माल मात्र जागचा हलत नाही. खाणीसाठी यंत्रं निवडण्याचं काम खरं तर ही दोन दृश्यं शक्य तितकी कमी करण्याचं आहे.

खुल्या खाणीचा चालू खर्च पाहिला तर त्यातला मोठा भाग दगड-माती उचलून दुसरीकडे नेण्यावर जातो. अनेक खाणींत तो निम्म्याच्या आसपास असतो. म्हणून इथे केलेली चूक वर्षानुवर्षं अंगावर राहते. तरीही खरेदीची चर्चा बहुतेक वेळा एकेका यंत्राच्या किमतीवर अडकते: हा डंपर स्वस्त, तो महाग, या शॉव्हेलची बकेट मोठी, तिची लहान. डंपर आणि लोडर (माल भरणारं यंत्र, शॉव्हेल हा त्याचाच एक प्रकार) सुटे पाहिले की हिशोब चुकतो. लोडर, डंपर आणि त्यांच्यामधला रस्ता हे तिन्ही मिळून एकच यंत्र आहे असं धरलं, तर पुढचं सगळं सोपं होतं. मोजायचं ते एकच: एक टन माल ठरलेल्या जागी पोहोचवायला किती खर्च आला.

बकेट आणि हौदा

सुरुवात भरण्यापासून करू. सुरुंगाने फोडलेला दगड मूळ जागेपेक्षा जास्त जागा व्यापतो, कारण तुकड्यांमध्ये पोकळी राहते. त्यामुळे बकेटमध्ये किती टन मावतील हे ठरवताना न फोडलेल्या खडकाची नव्हे, सुट्या मालाची घनता धरावी लागते. शिवाय बकेट दर वेळी काठोकाठ भरत नाही. नीट फुटलेल्या मालात ती जवळजवळ पूर्ण भरते, मोठे धोंडे असले की अर्धवट राहते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ आणि तेच शेवटपर्यंत वापरू. डंपर १०० टनी. सुट्या मालाची घनता घनमीटरला १.८ टन. बकेट सरासरी ९० टक्के भरते. १२ घनमीटरची बकेट असेल तर एका वेळी साधारण १९.४ टन उचलले जातात. पाच बकेटांत ९७ टन झाले, डंपर व्यवस्थित भरला. १५ घनमीटरची बकेट घेतली तर चार बकेटांत तेच ९७ टन. हेही छान.

आता कुणी म्हणालं की १२ ऐवजी १४ घनमीटरची घेऊ, थोडी मोठी आहे. तिच्यात २२.७ टन येतात. चार बकेटांत ९१ टन होतात, म्हणजे डंपर नऊ टन रिकामा जातो. पाचवी बकेट टाकली तर ११३ टन, म्हणजे जास्त भार. लोडरचा ऑपरेटर या दोन्हींच्या मध्ये अडकतो. पाचवी बकेट अर्धी भरून टाकायची म्हटलं तरी यंत्राचा हात फिरवायला वेळ पूर्ण बकेटीइतकाच लागतो. चार बकेटांवर थांबलं तर लोडरचं काम लवकर होतं हे खरं, पण तोच डंपर तोच चढ तेवढंच डिझेल जाळून सहा टन कमी घेऊन चढतो, दिवसभर, प्रत्येक खेपेला. मोठी बकेट घेऊन वाहतूक महाग होऊ शकते ती अशी.

सर्वसाधारण अनुभव असा की तीन ते सहा बकेटांत डंपर भरावा, आणि चार-पाच ही बहुतेकांना सोयीची संख्या वाटते. दोनच बकेटांत भरला तर प्रत्येक वेळी प्रचंड वजन एकदम हौद्यात (डंपरच्या माल भरायच्या भागात) आदळतं, चासी आणि सस्पेन्शनला ते सोसत नाही, आणि एक बकेट कमी-जास्त भरली की भाराचा अंदाज फार चुकतो. आठ-दहा बकेटा लागल्या तर डंपर भरण्यातच ताटकळतो.

हौद्याचा आकारही मालावरच ठरतो आणि याकडे आश्चर्यकारक दुर्लक्ष होतं. सुट्या कोळशाची घनता घनमीटरला साधारण ०.९ टन धरली तर १०० टन कोळशाला सुमारे १११ घनमीटरचा हौदा हवा. लोहखनिजासाठी २.५ धरली तर ४० घनमीटर पुरतात. खनिजासाठीचा हौदा बसवलेला डंपर कोळशावर लावला की तो काठोकाठ भरूनही निम्म्याहून कमी भार वाहतो. चिकट माती असेल तर तिचा थर हौद्याच्या तळाला चिकटून राहतो आणि तो थर डंपर रोज वर-खाली हिंडवत राहतो. पाच टन चिकटले असतील तर प्रत्येक खेपेत पाच टनांची क्षमता गेली, वर त्यांना ओढायचं डिझेल वेगळं.

जास्त भरू नये, पण किती?

अचूक १०० टन कुणालाच दर वेळी भरता येत नाहीत. म्हणून कॅटरपिलर कंपनीने आपल्या डंपरांसाठी एक नियम दिला आहे, तो १०-१०-२० म्हणून ओळखला जातो. सर्व खेपांची सरासरी ठरलेल्या भारापेक्षा वर जाऊ नये. दहा टक्क्यांहून जास्त खेपा ठरलेल्या भाराच्या ११० टक्क्यांपुढे जाऊ नयेत. आणि एकही खेप १२० टक्क्यांपुढे जाऊ नये. यातला शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उतारावर ब्रेक किती वजनाला थांबवू शकतात याचा हिशोब त्यात आहे, आणि केबिनमध्ये बसलेल्या माणसाचा जीव त्या हिशोबावर असतो. महिन्याच्या टनांचा आकडा गाठण्यासाठी जास्त भरून डंपर पाठवणं ही बचत नव्हे. तो खर्च पुढे ढकललेला असतो आणि टायर, चासी, ट्रान्समिशन यांच्या बिलांतून परत येतो.

किती डंपर पुरतील?

आपल्या उदाहरणात १२ घनमीटरची बकेट घेतली आहे. एक हात फिरायला ३० सेकंद, पाच हातांना अडीच मिनिटं, डंपर जागेवर लावायला अर्धं मिनिट. भरणं एकूण ३ मिनिटांचं. भरून वर जायला ८ मिनिटं, रिकामा करायला २, परत यायला ५. डंपरचं चक्र १८ मिनिटांचं झालं. १८ भागिले ३, म्हणजे ६ डंपर. सहा असतील तर लोडरही थांबणार नाही आणि डंपरही थांबणार नाही, निदान कागदावर.

या गुणोत्तराला मॅच फॅक्टर म्हणतात. १९६८ मध्ये मॉर्गन आणि पीटरसन यांनी ते मांडलं आणि आजही पहिला अंदाज त्यावरच बांधला जातो. डंपरांची संख्या गुणिले भरायचा वेळ, भागिले लोडरांची संख्या गुणिले डंपरच्या चक्राचा वेळ. उत्तर १ आलं तर जोडी जमली. १ पेक्षा कमी आलं तर लोडर रिकामा बसतो, जास्त आलं तर डंपर रांगेत थांबतात.

इथे एक मोठा गैरसमज आहे. मॅच फॅक्टर १ म्हणजे सर्वांत स्वस्त, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. कारण कुठलीही खेप बरोबर १८ मिनिटांची नसते. एकदा धोंडा आडवा येतो, एकदा ग्रेडर (रस्ता सपाट करणारं यंत्र) रस्त्यावर असतो, एक डंपर जुना असून चढावर मागे पडतो, आणि अरुंद रॅम्पवर (खाणीतून वर येणाऱ्या चढाच्या रस्त्यावर) त्याच्या मागचे सगळे त्याच्याच चालीने चालतात. मग डंपर घोळक्याने येतात. घोळका आला की रांग लागते, घोळका गेला की लोडर एकटा उरतो. मॅच फॅक्टर १ असूनही दोघंही थांबतात, आळीपाळीने.

हे आकड्यांत पाहू. डंपरच्या एका तासाचा खर्च १०० एकक धरू आणि लोडरच्या तासाचा २५०. एकक कुठल्याही चलनाचं घ्या. सगळं घड्याळासारखं चाललं तर सहा डंपर तासाला २० खेपा करतील आणि एका खेपेचा खर्च ४२.५ येईल. आता वेळा चांगल्याच खाली-वर होतात असं धरून रांगेचं नेहमीचं गणित लावलं, तर सहा डंपरांच्या तासाला साधारण १६ खेपाच होतात. न दिसणाऱ्या थांबण्यात चार खेपा गेल्या. चार डंपरांना १२ खेपा, पाच डंपरांना १४.३, सात डंपरांना १७.६, आठांना १८.६. खर्च काढला तर चार डंपरांसह खेप ५४ ला पडते, पाचांसह ५२.४, सहांसह ५२.६, सातांसह पुन्हा ५४, आठांसह ५६.५.

या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. पहिली, सर्वांत स्वस्त संख्या इथे पाच आहे, म्हणजे मॅच फॅक्टर ०.८३. लोडरला थोडं थांबू देणं परवडतं. दुसरी, खर्चाचा आलेख काढला तर तो तळाशी सपाट आहे. पाच आणि सहा यांत जवळजवळ फरक नाही. म्हणून एका दशांशासाठी वाद घालत बसू नये. खाणीला तासाला १६ खेपा हव्याच असतील तर सहा घ्यावेत, खर्च फारसा वाढत नाही.

आता लोडरच्या जागी तासाला ६०० एकक खर्चाचं मोठं यंत्र आहे असं धरा, बाकी सगळं तेच. पाच डंपरांसह खेप ७६.९ ला पडते, सहांसह ७४.२, सातांसह ७३.९, आठांसह ७५.३. स्वस्त जागा सातवर सरकली. लोडर जितका महाग, तितकं त्याला रिकामं बसू देणं महाग, मग एखादा डंपर रांगेत उभा ठेवणंच बरं. कोणाला थांबवायचं याचं उत्तर कोणाचा तास महाग आहे यावर अवलंबून आहे. डंपर कधीही थांबता कामा नये किंवा शॉव्हेल कधीही थांबता कामा नये, असे सरसकट हुकूम म्हणूनच चुकतात.

हे आकडे मुद्दाम मोठा चढ-उतार धरून काढले आहेत. प्रत्यक्षात शिस्तीच्या खाणीत वेळा इतक्या विस्कटत नाहीत. तुमच्या खाणीत किती विस्कटतात ते घड्याळ घेऊन बेंचवर (खाणीच्या पायरीवर) उभं राहिल्यावरच कळतं. दोन-तीन शिफ्टमध्ये शंभरेक खेपांच्या वेळा नोंदवल्या तर कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त उपयोगी माहिती हाती येते. हल्ली डंपरवरच्या यंत्रणेतून ती आपोआप मिळते, पण बहुतेक ठिकाणी ती साठवली जाते आणि कुणी उघडून पाहत नाही.

रस्ता हा न दिसणारा डंपर

मला विचाराल तर पैसे वाचवायची सर्वांत मोठी जागा यंत्रांच्या यादीत नसतेच. ती रस्त्यात असते.

डंपर चढताना त्याला दोन गोष्टी मागे ओढतात. एक चढ. दहा टक्के चढावर एकूण वजनाच्या दहा टक्के ओढ. दुसरी, चाकं रस्त्यात रुतल्याने होणारा अडथळा, ज्याला खाणीत रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. घट्ट, कोरड्या, सपाट ठेवलेल्या रस्त्यावर तो वजनाच्या सुमारे दोन टक्के असतो. टायर एक सेंटीमीटर रुतला की त्यात साधारण ०.६ टक्क्यांची भर पडते, असा ठोकताळा आहे. पाच सेंटीमीटर रुतला की दोनाचे पाच टक्के झाले.

आपला १०० टनी डंपर भरल्यावर १६५ टनांच्या घरात जातो. त्याच्या चाकांपर्यंत ६०० किलोवॉट शक्ती पोहोचते असं धरू. चांगल्या रस्त्यावर एकूण ओढ १२ टक्के, मग दहा टक्के चढावर वेग ताशी ११ किलोमीटर. खराब रस्त्यावर ओढ १५ टक्के, वेग ताशी ९ च्या आत. रॅम्प १.२ किलोमीटरचा असेल तर साडेसहा मिनिटांच्या जागी आठ मिनिटं लागतात. दीड मिनिट. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण १८ मिनिटांच्या चक्रात ते आठ टक्के होतात. सहा डंपरांच्या ताफ्यातून जवळजवळ अर्धा डंपर असा रस्त्यात रुतून बसला आणि तो कुणाच्याच हजेरीत दिसत नाही. सपाट भागावर तर फरक याहून मोठा आहे, कारण तिथे चढ नसतो, दोनच्या जागी पाच म्हणजे अडीचपट ओढ.

एक जादा डंपर घेण्याऐवजी एक ग्रेडर, एक पाण्याचा टँकर आणि रस्त्यावर पसरायला चांगली खडी यांवर पैसे घालणं बहुतेक वेळा जास्त किफायतशीर ठरतं. टायरही वाचतात. रस्त्यावर सांडलेला एक टोकदार दगड नवा टायर फाडतो, आणि सर्वांत मोठ्या डंपरांचा एकेक टायर चार मीटर उंच आणि पाच टनांहून जड असतो. टायरची आणखी एक मर्यादा असते, ती उष्णतेची. टायरवरचा सरासरी भार गुणिले दिवसाचा सरासरी वेग, या गुणाकाराला टीकेपीएच (टन-किलोमीटर प्रति तास) म्हणतात आणि प्रत्येक टायरला त्याची कमाल मर्यादा ठरलेली असते. लांब, सपाट रस्ता आणि वेगवान डंपर असेल तर इंजिनाच्या आधी टायर हात टेकतो. खरेदीच्या वेळी वेगाचा आकडा पाहताना हे विचारायला हवं.

रुंदी ही तशीच बाब. दोन्ही बाजूंनी वाहतूक असलेला रस्ता सर्वांत रुंद डंपरच्या साधारण साडेतीनपट हवा, आणि कडेचा मातीचा बांध निदान चाकाच्या निम्म्या उंचीचा. मोठा डंपर घेतला की रॅम्प रुंद करावा लागतो. रॅम्प रुंद करायचा म्हणजे खाणीची भिंत मागे सारायची, आणि तेवढी बिनकामाची माती जास्त खोदायची. हा खर्च डंपरच्या किमतीत कधीच लिहिलेला नसतो.

कोणता लोडर?

तीन मुख्य घराणी आहेत. दोरखंडाची विजेवर चालणारी शॉव्हेल, हायड्रॉलिक एक्स्कॅव्हेटर (बोलीभाषेत सरसकट पोकलेन), आणि चाकांचा लोडर.

दोरखंडाची शॉव्हेल एकदा जागेवर बसली की तिला हलवायला कुणाला आवडत नाही. तिला जाड केबल लागते, सबस्टेशन लागतं, सपाट आणि घट्ट जमीन लागते. पण ती वीस वर्षं आणि त्याहून जास्त काम करते, डिझेल जाळत नाही, आणि मोठ्या शॉव्हेल एका बकेटीत सुमारे १०० टन उचलतात. ज्या खाणीचं आयुष्य लांब आहे, बेंच उंच आणि रुंद आहेत, माल एकसारखा आहे, तिथे प्रतिटन खर्चात तिच्याशी बरोबरी करणं कठीण. दहा वर्षांच्या खाणीत ती घेणं म्हणजे अर्धं आयुष्य वाया घालवणं.

हायड्रॉलिक यंत्राचा जोर बकेटच्या टोकाला हवा तसा वळवता येतो. थरांमधून खनिज आणि माती वेगळी काढायची असेल तर तेच हवं. त्यातही दोन रूपं आहेत. पुढे ढकलणारं फ्रंट शॉव्हेल आणि स्वतःकडे ओढणारं बॅकहो. बॅकहो वरच्या पातळीवर उभं राहतं आणि डंपर खाली लावतात. हात कमी फिरवावा लागतो, ऑपरेटरला हौदा वरून दिसतो, आणि खालचा बेंच ओला असला तरी यंत्र कोरड्यात राहतं. बदल्यात त्याचं आयुष्य दोरखंडाच्या शॉव्हेलपेक्षा बरंच कमी, आणि हायड्रॉलिक तेल, होस, पंप यांची निगा मोठी.

चाकांचा लोडर दोघांपेक्षा हळू भरतो, त्याला वळायला जागा लागते, त्याचे टायर दगडावर झिजतात, आणि माल नीट फुटलेला नसेल तर तो हतबल होतो. पण सकाळी एका फेसवर (खोदकामाच्या तोंडावर) आणि दुपारी दुसऱ्यावर तो स्वतः चालत जातो. दोन-तीन ठिकाणचं खनिज मिसळून ठरावीक प्रत राखायची असेल, किंवा मुख्य शॉव्हेल बंद पडल्यावर तिची जागा घ्यायची असेल, तर तोच. बऱ्याच मोठ्या खाणी दोन शॉव्हेलच्या जोडीला असा एक लोडर ठेवतात. प्रतिटन हिशोबात तो महाग दिसतो. मुख्य शॉव्हेल चार दिवस बंद राहिली की त्या चार दिवसांत तो आपली किंमत दाखवून देतो.

डंपरच्या प्रकारांबद्दल थोडक्यात. दगडी, पक्क्या रस्त्यावर ताठ चासीचा डंपर. चिखल, मऊ जमीन आणि छोटं काम असेल तर मधे सांधा असलेला आर्टिक्युलेटेड डंपर, जो साधारण ६० टनांच्या आत मिळतो आणि टनामागे महाग पडतो. लहान खाणीत रस्त्यावरचे टिपर चालतात, स्वस्तही असतात, पण मोठ्या बकेटीचा मार त्यांना सोसत नाही.

मोठा घ्यावा का?

मोठ्या डंपरचं आकर्षण खरं आहे. एकच ड्रायव्हर, एकच इंजिन, जास्त माल. कॅटरपिलरचा ७९७एफ ३६३ टन वाहतो. २०१३ मध्ये बेलारूसच्या बेलाझने ७५७१० हा ४५० टनी डंपर आणला, दोन इंजिनं आणि आठ टायरांचा. पण एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. भरलेला ७९७एफ सुमारे ६२४ टनांचा असतो, म्हणजे त्यातले २६० टन डंपरचेच. शंभरातल्या ४२ टनांचं भाडं आपण यंत्रालाच हिंडवायला भरतो. ७५७१० चं स्वतःचं वजन ३६० टन आहे, म्हणजे तिथे हे प्रमाण आणखी वाईट आहे. डंपर मोठा केला म्हणून मालाचा वाटा वाढतो असं नाही.

मोठ्या डंपरासोबत मोठी शॉव्हेल, रुंद रस्ते, मोठं वर्कशॉप, मोठी क्रेन, क्रशरचं (दगड फोडणाऱ्या यंत्राचं) मोठं तोंड, सगळंच येतं. आणि एक बंद पडला की ताफ्याचा मोठा तुकडा गेला. हा धोका साध्या संभाव्यतेने मोजता येतो. समजा रोज सहा चालते डंपर हवेत आणि कुठलाही एक डंपर कामाला तयार असण्याची शक्यता ८५ टक्के आहे. सहाच विकत घेतले तर सहाही हजर असण्याची शक्यता फक्त ३८ टक्के. सात घेतले तर निदान सहा मिळण्याची ७२ टक्के. आठ घेतले तर ८९ टक्के. म्हणून एक-दोन जादा डंपर ही चैन नसून विम्याचा हप्ता आहे. ताफा तीनच महाकाय डंपरांचा असेल तर हा विमा फार महाग पडतो, कारण एक जादा म्हणजे तेहतीस टक्के जादा.

याच कारणाने स्वस्त यंत्राचा सौदा जपून करावा. समजा डंपरच्या तासाच्या १०० एककांत खरेदीचा वाटा २५ आहे, बाकी डिझेल, टायर, दुरुस्ती आणि पगार. किंमत वीस टक्के कमी मिळाली तर तासाला ५ एकक वाचले. पण त्या स्वस्त यंत्राची उपलब्धता घसरली आणि एक डंपर जादा ठेवावा लागला, तर त्या बचतीचा मोठा भाग गेला. विक्रेत्याला किंमत विचारण्याआधी विचारावं की सुटे भाग किती दिवसांत येतात, मेकॅनिक किती अंतरावर आहे, इंजिनाचा पहिला मोठा ओव्हरहॉल किती तासांनी येतो. ताफा शक्यतो एकाच मॉडेलचा ठेवावा. सुट्या भागांचा साठा कमी लागतो, मेकॅनिकचा हात बसतो, आणि रॅम्पवर सगळे एका चालीने चढतात, त्यामुळे घोळके कमी होतात.

चढ फार लांब असेल तर दोन पर्याय विचारात घेण्याजोगे आहेत. एक, रॅम्पवर वरून वीजतारा टाकून डंपर ट्रॉलीसारखा चढवणं. स्वीडनमधल्या ऐटिक आणि झांबियातल्या कान्सान्शी इथे हे चालतं. विजेवर डंपर डिझेलपेक्षा बराच वेगाने चढतो. दुसरा, खाणीतच क्रशर बसवून माल पट्ट्यावर चढवणं, ज्यात यंत्राचं रिकामं वजन वर-खाली करावं लागत नाही. दोन्हींची अट एकच: रॅम्प किंवा पट्टा वर्षानुवर्षं त्याच जागी राहिला पाहिजे. आणि माल वरून खाली न्यायचा असेल तर चित्रच उलटं होतं. स्वित्झर्लंडमधल्या एका दगडखाणीत बॅटरीवर चालणारा डंपर भरून उतरताना ब्रेकमधून वीज साठवतो आणि परत चढायला लागणारी ऊर्जा बरीचशी तिथूनच मिळवतो.

आजची खाण आणि पाच वर्षांनंतरची

राहिली एक गोष्ट, जी वरच्या सगळ्या हिशोबांना हलवते. खाण दरवर्षी खोल जाते. आपल्या उदाहरणातली खाण आणखी ६० मीटर खोल गेली तर दहा टक्के चढाचा रॅम्प ६०० मीटरने वाढेल. भरून चढायला तीन मिनिटांहून थोडी जास्त, रिकामं उतरायला दीडेक मिनिट, चक्र १८ वरून २३ मिनिटांच्या जवळ. त्याच लोडरला गुंतवून ठेवायला आता सहाऐवजी आठ डंपर लागतात, वर राखीव वेगळे.

लोडर तोच राहतो, डंपर वाढत जातात. म्हणून लोडर निवडताना खाणीच्या अखेरपर्यंत पाहावं, आणि डंपर मात्र एकदम सगळे घेऊ नयेत. पहिल्या वर्षी आठव्या वर्षाचे डंपर घेऊन ठेवले तर ते उन्हात उभे राहतात आणि त्यांचं व्याज चालू राहतं. वर्षावार खाणीचा आराखडा घ्यावा, प्रत्येक वर्षासाठी चक्राचा वेळ काढावा, आणि त्यानुसार दोन-दोन, तीन-तीनच्या तुकडीत खरेदी ठरवावी. मधल्या एखाद्या वर्षी काम तात्पुरतं फुगत असेल तर तेवढ्यापुरते भाड्याने आणावेत. याच आराखड्यात कधी कधी असंही दिसतं की मातीचा ढीग टाकायची जागा अर्धा किलोमीटर जवळ आणली, तर तिसऱ्या वर्षीच्या दोन डंपरांची गरजच उरत नाही.

आणि एक निर्णय तर आजच घ्यावा लागतो, डंपर येण्याच्या कितीतरी आधी. पाच वर्षांनी त्या रॅम्पवर १०० टनी डंपर चालणार की १५० टनी, हे रॅम्प कापायच्या दिवशी ठरतं. नंतर तो रुंद करायचा तर वरपासून खालपर्यंतची सगळी भिंत पुन्हा तोडावी लागते.